तुमचे प्रश्न : शरदातला इंग्रजीचा तास

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. पहिली ते तिसरी एकत्र बसतात. इंग्रजीच्या तासाला 'ऑटम'चे उपक्रम घ्यावेत म्हणून तक्ते आणले, तर त्यात लाल-नारिंगी पानांचे ढीग, मोठाले भोपळे आणि लोकरीच्या टोप्या. खिडकीबाहेर भात निसवलंय, बांधावर तेरडा फुललाय. मुलं तक्त्याकडे नुसती बघत बसतात. काय करू?

उत्तर : बाई, तक्ता थोडे दिवस गुंडाळून ठेवा. पुढे लागणार आहे. आपल्या मुलांच्या कानावर घरी मराठी पडते, बाजारात कन्नड. इंग्रजी बहुतेकांना फक्त तुमच्या तोंडून ऐकायला मिळते. म्हणून तुमचं वाक्य आणि त्यांच्या हातातली वस्तू एकाच वेळी यायला हवी.

गव्हापासून सुरुवात करा. आपल्याकडे सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याची, त्यामुळे घट बसतात तेव्हा शाळा बहुधा बंदच असते. वर्गातली पेरणी सुट्टीआधी आठ-दहा दिवस उरका. दोन पत्रावळ्या, शेतातली माती, रात्रभर भिजवलेले गहू. एक पत्रावळ खिडकीत ठेवा, दुसरीवर बादली पालथी घाला. दोन्हींना रोज थोडं पाणी. याला घट म्हणू नका, पेरणीच म्हणा. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात.

पहिलीच्या मुलांना फक्त हुकूम द्या : 'पोअर द वॉटर', 'लिफ्ट द बकेट', 'टच द लीफ'. ऐकून अंगाने कृती करत भाषा शिकायची ही पद्धत जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडली. मुलावर लगेच बोलायची सक्ती नाही, हा तिचा मोठा गुण. दुसरीची मुलं रंग सांगतील. तिसरीची मुलं रोपाशेजारी कागदाची पट्टी धरून तेवढ्या उंचीची कापतील, तारीख घालून भिंतीला चिकटवतील आणि म्हणतील, 'टुडे इट इज टॉलर'. बादलीखालचा गहू उजेडातल्या गव्हापेक्षा उंच आणि पिवळा येतो. 'द येलो वन इज टॉलर' हे वाक्य मग घोकून घ्यावं लागत नाही, मुलं आश्चर्यानेच बोलतात.

आता तक्ता उघडा. बादलीखाली उजेड नव्हता, म्हणून पानात हरितद्रव्य तयार झालं नाही आणि मुळातला पिवळा रंग दिसला. इंग्लंड-अमेरिकेत या महिन्यांत दिवस लहान होत जातात, थंडी वाढते, झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडून टाकतात आणि तसाच पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र काही झाडं त्याच दिवसांत नव्याने तयार करतात. हे सगळं मराठीतच सांगा. समजून घेताना मराठी वापरली म्हणून इंग्रजीचा तास वाया जात नाही, हे मी प्रत्येक शिक्षकाला कळकळीने सांगते.

दुसरा उपक्रम हादग्याचा. हादग्याच्या गाण्यांना इंग्रजी शब्द बसवू नका. गाणंही जातं आणि इंग्रजीही धड येत नाही. घ्यायची ती खिरापत. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचा खेळ मुलींना आधीच ठाऊक असतो, तोच मुलग्यांनाही खेळू द्या. डबा एकाच्या हातात, बाकीची विचारणार : 'इज इट स्वीट?' 'नो, इट इज नॉट.' 'इज इट राउंड?' 'येस, इट इज.' डबेवाल्याने मराठीत काही सांगायचं नाही. वर्गात प्रश्न नेहमी बाई विचारतात. इथे मुलांना स्वतःला विचारावं लागतं, आणि खायला मिळणार असल्यामुळे मागच्या रांगेतलं गप्प पोरही तोंड उघडतं. खिरापत साधी असू द्या : शेंगदाणे, चुरमुरे, पेरूच्या फोडी.

सुट्टी लागायच्या दिवशी आपट्याची पानं. 'गिव्ह मी अ लीफ, प्लीज', 'हिअर यू आर', 'थँक यू'. प्रत्येकाला एकच पान, फांद्या तोडायच्या नाहीत. नंतर शिरा वर येतील असं पान कागदाखाली ठेवून रंगखडू आडवा घासायचा, की शिरा उमटतात.

प्रश्न : मी निपाणीचा. मुलगी इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. सुट्टीत तिच्याशी घरी इंग्रजी बोला म्हणतात, पण मला जेमतेम येतं.

उत्तर : दादा, तुम्ही बोलायलाच हवं असं नाही, तिला बोलायला जागा द्या. उपवासासाठी रताळी आणलीत की मोठं-लहान, जड-हलकं तिने इंग्रजीत सांगून वेगळं करावं. मध्येच चुका काढू नका. दिवाळीत किल्ला कराल तेव्हा मावळे तुमच्या हातात आणि हुकूम तिचा : 'ऑन द वॉल', 'बिहाइंड द गेट'. एखादा मुद्दाम भलतीकडे ठेवा, म्हणजे ती पुन्हा नीट सांगेल.