एडु की एळु

पोरी,

तुझ्या संशोधनाचा सिनॉप्सिस वाचला, दोनदा वाचला. टायपिंगच्या चुका सोड, त्या होतातच. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की दोन भाषावाल्यांचं लक्ष एक भाषावाल्यांपेक्षा भारी असतं आणि ते आपण सोलापुरात टेस्ट लावून दाखवणार, तिथंच मी चष्मा काढून ठेवला. अगं, सोलापुरात एकच भाषा येणारा माणूस आणणार कुठून तू? अशोक चौकात दिवसभर उभी राहा आणि चार जण शोधून दाखव, चहा माझ्याकडून.

आणि ते "भारी" प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाहीये. 2004 मध्ये एलन बियालिस्टॉक बाईंनी दाखवलं की लक्ष विचलित करणाऱ्या टेस्टमध्ये द्वैभाषिक लोक, त्यातही वयस्कर, कमी अडखळतात. नंतर कितीतरी जणांनी तेच करून बघितलं, कुणाला मिळालं कुणाला नाही, आणि 2015 मध्ये अँजेला द ब्रुइन आणि सोबतच्यांनी परिषदांमधले गोषवारे तपासले तर ज्यांना फायदा दिसला त्यांचेच पेपर जास्त छापून आले होते, बाकीचे बरेच तसेच पडून. हैदराबादचा सुवर्णा अल्लादींचा 2013 चा अभ्यास तू घेतलायस ते चांगलं केलंस, 648 पेशंट, दोन भाषावाल्यांत डिमेन्शिया साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, अगदी शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा. पण ते दवाखान्यात आलेले पेशंट आहेत हे विसरू नको, आणि सगळीकडे तसंच निघालेलं नाही.

मग काय बघायचं? सांगतो.

मागच्या महिन्यात टॉवेल घ्यायला पूर्व भागात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या तेलुगू वस्तीत गेलो होतो. दुकानातली मावशी डझन मोजत होती, तोंडातल्या तोंडात, ओकटि, रेंडु, मूडु, आणि मला मराठीत भाव सांगत होती, मधेच पोराला तेलुगूत ओरडत होती. सहावर आली तेवढ्यात अक्कलकोटकडची एक बाई आत आली, "एष्टु?" मावशीनं कन्नडमध्ये भाव सांगितला, परत गठ्ठ्याकडे वळली आणि म्हणाली, "एळु". हात थांबला. एक क्षणभरच. मग "एडु" म्हणाली आणि पुढं सुरू.

आता बघ काय झालं ते. पाच आणि सहा दोन्ही भाषांत एकच, ऐदु, आरु. सहावर असताना ती कुठल्या भाषेत आहे हे तिला पण सांगता येणार नाही, सात आला की रस्ता फुटतो, तेलुगूत एडु, कन्नडमध्ये एळु. असे सामाईक शब्द बोलणाऱ्याला दुसऱ्या भाषेत घसरवतात असं भाषाशास्त्रज्ञ मायकल क्लाइन सांगून गेलाय. मला मात्र घसरली यापेक्षा सावरली कशी यात जास्त इंटरेस्ट आहे, कारण तुझा विषय तोच आहे.

डोक्यात दुसरी भाषा बंद होत नाही गं, दाबून धरलेली असते. डेव्हिड ग्रीनचं 1998 चं म्हणणं साधारण हेच. जी भाषा जास्त सवयीची ती जास्त जोर लावून दाबावी लागते, म्हणून सोडायला पण वेळ लागतो. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी 1999 मध्ये लोकांना नुसते आकडे दाखवले, मागच्या रंगावरून कुठल्या भाषेत म्हणायचं ते ठरायचं, तर कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत येताना उशीर जास्त. उलटं वाटतं ना? तू इंग्लिशमध्ये सेमिनार देऊन बाहेर आलीस की आईशी फोनवर बोलताना अडखळतेस म्हणालीस, त्याला घमेंड समजू नको आणि आईलाही समजू देऊ नको.

त्यामुळं "द्वैभाषिक" असा एकच गट करू नको. ग्रीन आणि अबुतालेबी यांनी 2013 मध्ये केलेले तीन प्रकार तुझ्या गल्लीतच आहेत. ऑफिसात मराठी आणि घरी तेलुगू, असं वेगवेगळं ठेवणारे. मावशीसारखे, माणूस बघून भाषा बदलणारे, यांना सतत लक्ष ठेवावं लागतं. आणि कट्ट्यावरची पोरं, एकाच वाक्यात सगळं कालवून, "काय करलाय बे"च्या पुढं तेलुगू क्रियापद, यांना दाबायची गरजच कमी. हे तिघे एका ढिगात घातलेस तर तुला काहीही सापडणार नाही.

माझी चूक सांगतो, परत करू नको. मी तरुण असताना रंगांच्या शब्दांची स्ट्रूप टेस्ट केली (शब्द एका रंगाचा, शाई दुसऱ्या रंगाची, नाव शाईचं सांगायचं), हौसेनं तेलुगू लिपीत कार्डं लिहून घेतली. पहिलाच मुलगा म्हणाला, "सर, बोलता येतं, वाचता येत नाही." शिकला मराठी शाळेत, लिपी कुठून येणार? अख्खा गठ्ठा अजून माळ्यावर आहे. म्हणून आकडे वापर नाहीतर चित्रं. तेलुगू-कन्नडसाठी पाच-सहा काढून टाक, तेलुगू-मराठीला ती अडचण नाही. आणि फॉर्मवर "मातृभाषा" असा रकाना ठेवलास तर लोक शाळेच्या दाखल्यावरचं लिहितील, त्यापेक्षा विचार की भांडता कुठल्या भाषेत, पैसे मोजता कुठल्या.

अजून एक डोक्यात आहे, वेळ मिळाला तर बघ. टेबलावर मांजराचं चित्र, कोंबडीच्या पिल्लाचं आणि दोन भलतीच. मराठीत सांगायचं, पिल्लू दाखव. तेलुगूत पिल्लि म्हणजे मांजर. शब्द पुरा व्हायच्या आत नजर मांजरावर जाऊन येते का तेवढंच मोबाईलच्या कॅमेऱ्यात पकडायचं. स्पायवी आणि मारियन यांनी रशियन-इंग्लिशवाल्यांवर असंच केलेलं, तिकडं पोस्टाचं तिकीट, रशियनमध्ये "मार्का", आणि मार्कर होता.

रविवारी ये, मावशीच्या दुकानात जाऊ. रेकॉर्डिंगचं आधी विचारायचं, आणि एक डझन घ्यावे लागतील, नुसतं उभं राहू देत नाही ती.