पिव्होट द्यावा, दोन गार्ड घ्यावेत?

प्रश्न : दिवाळीनंतरच्या स्पर्धांसाठी आमचा बास्केटबॉल संघ बेळगावच्या एका क्लबशी खेळाडूंची अदलाबदल करायच्या विचारात आहे. आम्ही सहा फूट तीन इंचांचा पिव्होट (बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू) द्यायचा, त्यांनी दोन गार्ड (चेंडू पुढे नेणारे). फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्यांचा मैदानभर दाबून बचाव, लागला की आमच्या पोरांच्या हातून चेंडू जातो, म्हणून हा खटाटोप. पाच सामन्यांची सरासरी अशी. पिव्होट : ३२ मिनिटे, १८ गुण (१४ पैकी ८ शॉट, फाउलनंतरच्या ४ पैकी २ फ्री थ्रो, एकेका गुणाचे), १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), त्यांत ४ ऑफेन्सिव्ह (आपल्याच संघाच्या हुकलेल्या शॉटनंतरचे), २ टर्नओव्हर (चेंडू गमावणे). पहिला गार्ड : २८ मिनिटे, १० गुण (१२ पैकी ४ शॉट, त्यांत २ थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचे), ४ टर्नओव्हर. दुसरा : २२ मिनिटे, ९ गुण (८ पैकी ३, तिन्ही थ्री), १ टर्नओव्हर. १८ देऊन १९ मिळतात, मग सौदा बरा ना? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. मैदानात एका वेळी पाचच जण असतात, त्यामुळे ४० मिनिटांच्या सामन्यात संघाकडे एकूण २०० मिनिटे. पिव्होट ३२ मोकळी करून जाणार, येणारे दोघे ५० मागणार. वरची १८ मिनिटे तुमच्याच कुणाच्या तरी वाट्यातून जातील आणि त्याचे गुणही त्याच्याबरोबर बाकावर बसतील. ते १९ मधून आधी वजा करा.

मग कोणी हल्ल्याच्या किती संधी वापरल्या ते काढा : शॉट, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर. (दोन फ्री थ्रोंत एकच संधी जाते आणि बास्केटनंतरच्या जादा थ्रोला वेगळी संधी लागत नाही, म्हणून निम्म्याहून थोडे कमी.) पिव्होट १७.८ संधींत १८ गुण करतो. दुसरा गार्ड ९ संधींत ९. पहिल्याला मात्र १० गुणांसाठी १६ संधी लागतात. प्रेस फोडायला आणायचा तोच गार्ड सामन्यात चारदा चेंडू घालवतो, हे मला सगळ्यात खटकते. शिवाय पिव्होटचे ४ ऑफेन्सिव्ह रिबाउंड म्हणजे संघाला ४ जादा संधी. आपल्या बास्केटखालचे ८ कोण घेणार? ते सुटले की समोरच्याला दुसरा शॉट, वर शॉट घ्यायला १४ सेकंदांचे नवे घड्याळ.

प्रेसवर औषध तुमच्याकडेच आहे. गार्ड घाबरून साइडलाइनकडे ड्रिबल करत पळतो. तिथे दोघे घेरतात आणि रेषा तिसऱ्या बचावपटूचे काम करते. पिव्होटला मध्यवर्तुळाच्या अलीकडे उभा करा. गार्डने चेंडू मिळताच ड्रिबल न करता मान वर करायची, डोक्यावरून त्याला पास द्यायचा. पिव्होटने चेंडू खाली आणायचा नाही, कारण कमरेशी आला की बुटका बचावपटू तो हिसकावतो. हनुवटीपाशी, कोपर बाहेर ठेवून धरायचा, वळायचे आणि पळत्या विंगकडे (कडेने धावणाऱ्या खेळाडूकडे) सोडायचा. चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायला मिळणाऱ्या ८ सेकंदांत हे आरामात होते. पाच विरुद्ध सात असा रोज १५ मिनिटे सराव घ्या. खानापूरच्या पावसात उघडे कोर्ट मिळत नाही, पण पासांची ही साखळी बास्केट नसलेल्या कोरड्या हॉलमध्येही घोटता येते.

तरीही अदलाबदल करायचीच तर फक्त दुसरा गार्ड मागा, बदल्यात कमी खेळणारा फॉरवर्ड द्या.

प्रश्न : २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये डॅलसने गार्ड लुका डॉन्चिच देऊन लेकर्सकडून उंच अँथनी डेव्हिस घेतला. लेकर्सचा संघ सुधारला का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : पुढच्या वर्षांसाठी नक्कीच, तेव्हा डॉन्चिच २५ वर्षांचा होता, डेव्हिस ३१ चा. पण त्या हंगामापुरती बास्केटखालची जागा रिकामी झाली. ती भरायला शार्लट संघाकडून पिव्होट मार्क विल्यम्स ठरला होता, वैद्यकीय तपासणीनंतर लेकर्सनी तो सौदा रद्द केला. ५० सामने जिंकून ते प्लेऑफला (बाद फेऱ्यांना) गेले आणि पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-१ असे हरले. शेवटच्या सामन्यात मिनेसोटाच्या रुडी गोबेरने २७ गुण केले आणि २४ रिबाउंड घेतले.