एक्सप्लोररवर थांबू नकोस, स्वतः पडताळ
अरे, बिटकॉइनचे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या एक्सप्लोररच्या वेबसाइटवर व्यवहार 'कन्फर्म' दिसला म्हणजे तू तो तपासलास असं नाही. तू दुसऱ्याच्या कम्प्युटरवर विश्वास ठेवलास. बिटकॉइनचं खरं बळ वेगळंच आहे: 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकपासूनची (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) अख्खी खातेवही कुणालाही उतरवून घेता येते आणि प्रत्येक नोंद नियमात बसते का, हे घरच्या लॅपटॉपवर पाहता येतं. त्यासाठी बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर टाक. डिस्क लहान असेल तर प्रूनिंग चालू कर. जुने ब्लॉक पुसले जातात, पण तपासल्यावरच. पहिल्यांदा काही दिवस लागले तरी लागू देत. मग एकूण किती नाणी निघाली आहेत ते एका कमांडने स्वतः मोज. एकूण 2 कोटी 10 लाख नाण्यांची मर्यादा मला तेव्हाच खरी वाटली.

आणि हे मनावर घे: वही सगळ्यांना उघडी, म्हणजे तुझं पानही उघडं. पत्त्यावर, म्हणजे नाणी जिथे येतात त्या अक्षर-अंकांच्या ओळीवर, नाव नसतं, पण केवायसी केलेल्या एक्स्चेंजमधून नाणी एकाच पत्त्यावर घेत राहिलास की माग काढणं सोपं होतं. दर वेळी नवा पत्ता घे. एखादं एक्स्चेंज साखळीवरची, म्हणजे या उघड्या वहीतली, शिल्लक दाखवत असेल, तर देणी किती तेही विचार. ती साखळीवर दिसत नाहीत.