‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रश्न असा आला आहे: डेंग्यूच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं घरोघरी ऐकू येतं. मग प्लेटलेटला मराठीत पांढऱ्या पेशी म्हणायचं का?

नाही. पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, ते आकडाच सांगतो. ‘भाऊजींच्या पेशी वीस हजारांवर आल्यात हो!’ हे वाक्य घ्या. एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. त्या वीस हजार झाल्या तर वाढल्या म्हणायच्या. प्लेटलेट असतात दीड ते चार लाख. तेव्हा भाऊजींची काळजी प्लेटलेटचीच. घोळात भर म्हणजे डेंग्यूत खऱ्या पांढऱ्या पेशीही बहुतेक वेळा घटतात, त्यामुळे रिपोर्टवर दोन्ही आकडे खाली दिसतात.

पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात. प्लेटलेटचं काम गळती थांबवायचं. रक्तवाहिनीला चीर पडली की त्या तिथे चिकटतात, एकमेकींना धरून बूच बसवतात आणि त्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. याला आपल्याकडे ‘साकळणं’ हा नेमका शब्द आहे. पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. हल्ली सगळीकडे ‘गोठणं’च लिहितात, याचं मला वाईट वाटतं.

खरं तर प्लेटलेट पुऱ्या पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतल्या एका थोराड पेशीचे ते तुकडे, केंद्रक नसलेले. (केंद्रक तांबड्या पेशीतही नसतं, पण ती आधी पूर्ण पेशी असते आणि मग ते बाहेर टाकते.)

इटलीचे शास्त्रज्ञ बिझोझेरो यांनी १८८२ साली प्लेटलेटचं नीट वर्णन केलं. त्यांनी दिलेल्या ‘पियास्त्रिने’ या नावाचा अर्थ छोटे पातळ पत्रे. शाळेतला ‘रक्तपट्टिका’ त्याच वळणाचा आहे, पण तो वाचला की माझ्या डोळ्यांपुढे फूटपट्टी येते. ‘रक्तबिंबिका’ मला जास्त पटतो. बिंब म्हणजे चकती, आणि त्यांचा आकारही तसाच. मात्र रक्तपेढीच्या खिडकीशी हा शब्द काढू नका, तिथे सरळ ‘प्लेटलेट’ म्हणा. हातात पडेल ती पिशवी पिवळट असते, कारण प्लेटलेट पिवळट रक्तद्रवात तरंगत असतात.