माणसे कमी करणारे तंत्र केव्हा परवडते?

प्रश्न: दिवसाला 100 नग बनवण्याच्या चार पद्धती आहेत. ‘अ’मध्ये 10 कामगार आणि 2 यंत्रे, ‘ब’मध्ये 6 कामगार आणि 4 यंत्रे, ‘क’मध्ये 3 कामगार आणि 8 यंत्रे, तर ‘ड’मध्ये 7 कामगार आणि 5 यंत्रे लागतात. सर्वांत कमी माणसे ‘क’ला लागतात. मग कारखान्याने डोळे झाकून ‘क’च घ्यायची का?

उत्तर: नाही. आधी ‘ड’वर काट मारा. तिला ‘ब’पेक्षा कामगारही जास्त लागतात आणि यंत्रेही जास्त. मजुरी आणि यंत्राचा खर्च काहीही असो, ‘ड’ कधीच स्वस्त पडणार नाही. या चाळणीला पैशांचे आकडे लागत नाहीत, म्हणून ती पहिली लावायची.

उरलेल्या तिघींत निवड मजुरी आणि यंत्रखर्च यांच्या गुणोत्तरावर ठरते. एका यंत्राचा दिवसाचा खर्च 90 धरा. मजुरी 40 असेल तर ‘अ’ला 580, ‘ब’ला 600 आणि ‘क’ला 840 खर्च येतो, म्हणजे सर्वांत जास्त माणसांची ‘अ’ जिंकते. मजुरी 100 झाली की आकडे 1,180, 960 आणि 1,020 होतात आणि ‘ब’ पुढे जाते. मजुरी 150 ला पोचली की 1,680, 1,260 आणि 1,170. आता कुठे ‘क’ची पाळी येते.

बदल नेमका कोठे होतो तेही काढता येते. ‘अ’वरून ‘ब’वर जाताना 4 कामगार वाचतात आणि 2 यंत्रे वाढतात, म्हणून मजुरी यंत्रखर्चाच्या निम्म्याहून, म्हणजे 45 हून, जास्त झाली की ‘ब’ परवडते. ‘ब’वरून ‘क’वर जाताना 3 कामगारांच्या बदल्यात 4 यंत्रे घ्यावी लागतात, म्हणून तिथली सीमा 120 आहे. मजुरी आणि यंत्रखर्च दोन्ही दुप्पट झाले तर निवड तसूभरही हलत नाही. ‘मजुरी वाढली की यंत्र येते’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे आहे. यंत्र बनवणाऱ्यांचीही मजुरी वाढते आणि ती यंत्राच्या किमतीत उतरते.

आणखी एक खाच इथेच आहे. ‘क’मधले 3 जण ‘अ’मधल्या 10 जणांसारखे नसतात, स्वयंचलित यंत्र लावणारा, बिघाड ओळखणारा माणूस महाग असतो. साधी मजुरी 150 असताना या तिघांना 190 द्यावे लागले तर ‘क’चा खर्च 1,290 होतो आणि ‘ब’ (1,260) पुन्हा स्वस्त ठरते. कामगारांची नुसती डोकी मोजणाऱ्या हिशेबात हे दिसतच नाही.

प्रश्न: यंत्राचा ‘दिवसाचा खर्च’ काढायचा कसा? किंमत भागिले आयुष्य एवढे पुरते का?

उत्तर: पुरत नाही, आणि बहुतेक हिशेब इथेच फसतात. यंत्राची किंमत 1,00,000 आणि आयुष्य 10 वर्षे असेल तर साध्या भागाकाराने वर्षाला 10,000 येतात. त्यात अडकलेल्या पैशावरचे व्याज नाही. स्वतःचा पैसा घातला तरी ते धरायचेच, कारण तो दुसरीकडे लावता आला असता.

व्याजदर 10 टक्के घ्या. 1.10 चा दहावा घात 2.594. 1 ला त्याने भागले की 0.3855 येतात. ते 1 मधून वजा केले की 0.6145 उरतात. 0.10 ला 0.6145 ने भागले की गुणक येतो सुमारे 0.1627. म्हणजे यंत्राचा वर्षाचा खरा भार साधारण 16,275. व्याज 5 टक्के असेल तर हाच भार 12,950 आणि 15 टक्के असेल तर 19,925. मजुरी तीच, यंत्रही तेच, तरी ज्याला स्वस्त कर्ज मिळते तो यंत्राकडे वळतो आणि ज्याला महाग मिळते तो माणसांकडे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. दुरुस्ती आणि ऊर्जा यात वेगळी मिळवा, शेवटी भंगारात येणारी किंमत वजा करा.

मग दिवस मोजा. 300 दिवस चालणाऱ्या यंत्राचा हा भार दिवसाला 54 पडतो, 150 दिवस चालणाऱ्याचा 108. दोन पाळ्या लावल्या तर पाळीमागे तो जवळजवळ निम्मा होतो (झीज वाढते, म्हणून अगदी निम्मा नाही). मजुरी मात्र दुसऱ्या पाळीला पुन्हा द्यावीच लागते. हंगामी उद्योगांत माणसे जास्त का दिसतात, याचे एक मोठे कारण हेच. मजुरीच्या बाजूलाही हातात पडणारी रक्कम नव्हे, तर भरपगारी रजा, विमा, प्रशिक्षण आणि देखरेख धरून पूर्ण खर्च घ्यावा.

प्रश्न: नवे यंत्र कमी माणसांत चालते हे पटूनही काही कारखाने जुनेच का चालवतात?

उत्तर: जुन्या यंत्राची किंमत देऊन झालेली असते, ती आता कोणत्याच निर्णयाने परत येत नाही. म्हणून तुलना जुन्याचा चालू खर्च विरुद्ध नव्याचा एकूण खर्च अशी करावी लागते. जुन्यावर नगामागे मजुरी, ऊर्जा आणि दुरुस्ती मिळून 9 लागत असतील आणि नव्यावर चालू खर्च 6 व भांडवली भार 4 असेल, तर 10 देऊन नवे घेण्यात अर्थ नाही. मजुरी वाढून जुने 11 वर गेले आणि नवे, माणसे कमी असल्याने, 10.60 वरच थांबले की बदलायचे. जुने यंत्र विकून आज काही मिळत असेल तर तेवढ्या रकमेवरचे व्याज आणि घट मात्र जुन्याच्या खात्यात टाका. ते विसरले की जुने यंत्र उगाच स्वस्त भासते.

प्रश्न: कागदावर स्वस्त ठरलेली स्वयंचलित साखळी बसवली, पण उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी निघते. चूक कुठे?

उत्तर: बहुधा थांबण्याच्या वेळेत. 5 यंत्रे एकामागोमाग जोडलेली आणि प्रत्येक 95 टक्के वेळ चालू असेल, तर सगळी एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण 0.95 चा पाचवा घात, म्हणजे फक्त 77 टक्के असते. 10 स्वतंत्र कामगारांपैकी एक आला नाही तर साधारण दहावा हिस्सा बुडतो. साखळीतले एक यंत्र थांबले तर सगळेच थांबते. आधी प्रत्येक यंत्राचे थांबे आठवडाभर मिनिटांत नोंदवा. जे वारंवार थांबते त्याच्या पुढे-मागे अर्धवट तयार मालाचा थोडा साठा ठेवा, म्हणजे त्याच्या थांब्यात शेजारची यंत्रे चालू राहतील. साठा किती? त्या यंत्राच्या नेहमीच्या थांब्याइतका वेळ पुरेल एवढाच: थांबा 12 मिनिटांचा आणि साखळीचा वेग मिनिटाला 5 नग असेल तर 60 नग.