आधी गिनती, मग फावडं

कर्नलसाहेब, उभी हयात फौजेत गेली. मग निवृत्तीनंतर हे आपत्ती व्यवस्थापनाचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? (एक वाचक, लातूर)

लातूरकरानंच विचारलंत! खूळ तुमच्याच जिल्ह्यातलं आहे.

सप्टेंबर १९९३ मध्ये मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये तरुण कॅप्टन होतो. पूल बांधणं, सुरुंग काढणं हे आमचं काम. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आमच्या गाड्या पोचल्या तेव्हा दिवस कलला होता आणि वरून पाऊस लागला होता. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती, त्यावर दरवर्षी थर चढवलेलं मातीचं माळवद. अशा घराखाली हवेची पोकळी फारशी राहत नाही. जे जिवंत निघाले, त्यातल्या बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातांनी, टिकावानं आधीच बाहेर काढलं होतं. आमच्या वाट्याला जास्त करून प्रेतं आली.

एका ढिगाऱ्यावर आमचे आठ जवान चार तास राबले. खाली कुणीच नव्हतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून त्या घरातला गडी मळ्यातल्या वस्तीवर झोपायला गेला होता. संध्याकाळी एक म्हातारी येऊन सांगते, ‘बाबांनो, हितं कशाला उकरताय? माणसं तर पलीकडल्या वाड्यात हायेत.’ फौजेत रोज संध्याकाळी गिनती होते. कोण रजेवर, कोण गार्डवर, कोण एमआय रूममध्ये म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, सगळं हवालदाराच्या तोंडावर असतं. रिक्रूट असताना सगळेच त्या गिनतीला शिव्या घालतात, मीही घातल्या. त्या ढिगाऱ्यावर उभा राहिल्यावर कळलं ती कशासाठी असते. त्या दिवशी आमच्याकडे फावडी भरपूर होती. कोण कुठं झोपलं होतं, ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

आम्ही सांगलीत नदीकाठी राहतो. पुरासाठी बॅगेत काय काय भरून ठेवावं? (एक गृहिणी, सांगली)

ताई, बॅग सोपी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं, आठवड्याची औषधं, जुना चष्मा, टॉर्च, सुटे पैसे, पॉवर बँक, तान्हं मूल असेल तर त्याचं दूध. उचलून दोन मजले चढता आलं पाहिजे एवढंच वजन ठेवा. आमच्या जवानांच्या पिठ्ठूचाही, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचाही, तोच नियम.

खरी गोची निघायचं कधी, याची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. कित्येक घरं बसून राहिली, कारण ‘२००५ ला पाणी उंबऱ्याशी आलं होतं, आत नाही आलं’. मागचा पूर हे ज्याचं माप, तो हमखास अडकतो. म्हणून आजच, कोरड्या जमिनीवर बसून, घरातल्या सगळ्यांसमोर आकडा ठरवा. ४० फुटांची इशारा पातळी गाठली की निघायचं, तेव्हा चर्चा नको. गोठ्यातल्या जनावरांची दावी आधी सोडा. नावेत गर्दी दिसली तर पुढच्या खेपेला थांबा. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसं घरात बुडाली नाहीत, वाचवायला आलेली नाव उलटून बुडाली.

मुलाला एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) जायचंय. थेट भरती असते का? (एक पालक, नाशिक)

नसते. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय दलांत आधी भरती व्हायचं, तिथून प्रतिनियुक्तीवर एनडीआरएफ. आपल्याजवळची ५ वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तोवर जिल्ह्यात ‘आपदा मित्र’ या सरकारी स्वयंसेवक योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तर नाव घालू दे. वय १८ ते ४० लागतं.

आमच्या सोसायटीत मॉक ड्रिल ठेवलं की चार माणसं येतात, तीही चहाला. काय करावं? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

चार आली? नशीबवान आहात. निवृत्त झाल्या झाल्या मी आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी सातला शिट्टी फुंकली होती. तिसऱ्या मजल्यावरून एका आजोबांनी सुनावलं, ‘अहो, इथं तुमची पलटण नाहीये!’ बरोबरच होतं त्यांचं.

नंतर ड्रिलचं नाव सोडलं आणि वॉचमनच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला ऐकू येत नाही, कोण महिनाभर गावी गेलंय, एवढंच त्यात. बहुतेक नोंदी कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितल्या. कमिटीपेक्षा त्यांना जास्त माहीत. दीड वर्षानं मीटरच्या खोलीत आग लागून जिने धुरानं भरले, तेव्हा अग्निशमनच्या जवानानं पहिला प्रश्न केला, ‘वर कोण कोण आहे?’ वॉचमननं वही पुढे केली. तुमच्याकडे अजून एक बघा : आग विझवायच्या नळकांड्यांवरची भरल्याची तारीख. बरेचदा ती बिल्डरच्या काळातली असते.

भूकंपात पळावं की टेबलाखाली जावं? मोबाइलवर रोज वेगळं येतं. (एक विद्यार्थी, कराड)

घर बघून. आरसीसी इमारतीत असाल तर भक्कम टेबलाखाली, डोकं झाकून, टेबलाचा पाय धरून बसा. हादरे चालू असताना जिना आणि लिफ्ट वर्ज्य. दगडमातीचं, जड माळवदाचं तळमजल्याचं घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर सरळ अंगणात पळा.

डोंगराखालची आमची वाडी. पावसाळ्यात हलायला वडील तयार नाहीत. (एक वाचक, रायगड)

वडिलांना पुणे जिल्ह्यातल्या माळीणची गोष्ट सांगा. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून गाव गाडलं गेलं, तेव्हा गावातून बाहेर खबरच पोचली नाही. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. तुमच्याच जिल्ह्यात २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीत शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

ऐकलंच नाही, तर निदान चिन्हं वाचायला लावा. वरच्या उतारावर नव्या भेगा, कलती झाडं, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं. यातलं एक दिसलं तरी त्याच रात्री शाळेत मुक्काम हलवा आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. आणि पावसाळाभर रोज रात्री दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातलगाला फोन करून सांगत जा, आज घरात किती माणसं झोपली आहेत.