पिशवी आणि जेलीफिश यातला फरक न कळण्याइतकं कासव मूर्ख असतं का?

तुमच्या प्रश्नातला 'मूर्ख' हा शब्द मला लागला, म्हणून लिहितोय. दहा कोटी वर्षांहून जास्त काळ समुद्रात टिकलेल्या जनावराला एवढंही कळत नाही का, असं तुम्ही विचारलंय.

पिशवी काही दिवस पाण्यात राहिली की तिच्यावर बुळबुळीत थर धरतो आणि तिला खाण्यासारखा वास यायला लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॉगरहेड जातीच्या कासवांना असा समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकचा वास दिला, तर ती खाण्याच्या वासाला वागतात तशीच वागली. नाकाने बरोबरच सांगितलं, वस्तू खोटी निघाली. यात मूर्ख कोण? आणि एकदा गिळलं की बाहेर काढता येत नाही. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, तोंडात आलेलं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून. तेच काटे पिशवीला अडवून धरतात.

पण आमच्या किनाऱ्यावर मी जी कासवं उचलली, त्यातली बहुतेक जाळ्यात गुंडाळलेली होती. जाळंही प्लास्टिकच, नायलॉनचं. त्याचे फोटो फारसे फिरत नाहीत एवढंच.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, घर बंदरावर. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे किनाऱ्यावर गावोगाव हॅचऱ्या, म्हणजे अंडी राखून पिल्लं समुद्रात सोडायच्या जागा, झाल्या. आमच्या गावातल्या हॅचरीवर मी राखण करतो. पाच वर्षांपूर्वी जुलैत, मासेमारी बंदीचे दिवस, बोटी वर ओढलेल्या, रात्रभर उधाण. सकाळी पुळणीवर थर्माकोल, चपला, बाटल्या यांचा ढीग आणि त्यात जाळ्याचा एक गोळा. गोळा हलत होता.

आत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी. शेपूट आखूड, म्हणून मादी. पाठीवर शिंपल्यासारखे पांढरे बार्नेकल चिकटलेले, म्हणजे बरेच दिवस तिला धड पोहता आलेलं नव्हतं. पुढच्या डाव्या पायात जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, रुतून हाडापर्यंत गेला होता आणि जखमेला वास येत होता. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. जमलेली पोरं म्हणाली, रडतेय. अंगातलं जास्तीचं मीठ कासव डोळ्यापाशी असलेल्या ग्रंथींतून टाकतं, हे मला माहीत होतं. तरी मी पोरांना काही बोललो नाही. सुरीने एकेक फास कापायला तास गेला. वनखात्याला फोन केला होता, पण गाडी यायच्या आत दुपारी ती गेली.

जाळं गुंडाळून ठेवताना एका कोपऱ्यात सांधलेली जागा दिसली. नारिंगी दोरा, प्रत्येक गाठीला दुहेरी फास. माझे काका असं सांधतात. त्याच मोसमात त्यांचं जाळं समुद्रातल्या खडपात अडकून अर्धं आत राहिलं होतं. मी तो तुकडा घेऊन त्यांच्या दारात गेलो. ते म्हणाले, "असला दोरा बंदरात सगळ्यांकडे आहे." तेही खोटं नाही. मग म्हणाले, "दरवर्षी शेकड्यांनी पिल्लं सोडतोस, एक मेलं तर काय बिघडलं?"

काका, बिघडतं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात ती उगाच नाही. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. मादीला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. खेकडे, घारी, मासे, जाळी या सगळ्यांतून ती सुटली होती, आणखी कित्येक मोसम तिने अंडी घातली असती. हॅचरीतली शेकडो पिल्लं तिची जागा लगेच घेत नाहीत. आणि ती काही आपल्या गावापुरती नसते. मार्च २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. आपण आत सोडलेला तुकडा कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नाही.

म्हणून प्लास्टिकची स्ट्रॉ वापरायचं सोडून कासव वाचवलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तुटलेलं जाळं बंदरावर परत आलं पाहिजे, आणि आणणाऱ्याला किलोमागे पैसे मिळाले पाहिजेत. जिवंत कासव सोडवताना जाळं कापावं लागलं तर राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. तसंच आत राहिलेल्या जाळ्यासाठीही हवं. बोटवाल्यांना खलनायक करू नका, जाळं हौसेने कुणी टाकत नाही. खडपात अडकलं आणि वारा फिरला तर माणसं वाचवायची की जाळं? हे काकांच्या बाजूने मीच सांगतो. आणि पिशव्या वापरा असंही माझं म्हणणं नाही. २०१८ सालच्या एका अभ्यासात पोटात प्लास्टिकचे १४ तुकडे असले तर कासव मरण्याची शक्यता पन्नास टक्के निघाली होती.

पावसाळ्यात किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव बुडतं, त्यालाही श्वासाला वरच यावं लागतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. डहाणूला कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

जाळ्याचा तो तुकडा मी फेकला नाही. पडवीत खुंटीला टांगलाय. काका सणाला येतात तेव्हा त्याच्याच खाली बसतात.